एका दमात गुळापर्यंत

पायाला मुंग्या आल्या तर आधी पाय हलवून बघा. बहुतेक वेळा तुम्ही मांडी घालून गप्पा हाणत बसलेले असता, दुसरं काही नसतं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर हे वाचून अर्ध्या उमापूरच्या बायका राजश्रीच्या दवाखान्यात रांग लावतील आणि ती मला फोनवर झापेल.

राजश्री माझी लेक. उमापूरला दवाखाना चालवते. मागच्या महिन्यात तिच्याकडे एक नवी सून आणली होती, दोन्ही पाय लुळे पडलेली. राजश्रीनं गुडघ्यावर हातोडी मारली, काय ते ओळखलं आणि तिला तडक मोठ्या दवाखान्यात पाठवलं. जीपमध्ये उचलून ठेवताना त्या पोरीनं विचारलं, "मॅडम, याच्यातून उठलेलं एक तरी माणूस बघितलंय का तुमी?"

राजश्री म्हणाली, "माझी आईच हाय. उठली, ते अजून बसली न्हाई."

मग मला फोन. "आई, तिच्यासाठी लिही. तू बोलतीस तसंच लिही, पण खरं लिही."

तर पोरी, हे तुझ्यासाठी. डॉक्टरकीचं मला विचारू नकोस, ते तुझ्या डॉक्टरांना विचार. मी फक्त सांगते की आडवं पडल्यावर छत कसं दिसतं.

टाचेची चप्पल

आमचं किराणा दुकान वडवणीत, बाजाराच्या वाटेवर. आत शिरलं की डाव्या हाताला पोती ओळीनं उभी. तूरडाळ, हरभराडाळ, मूगडाळ, मटकी, मसूर, पोहे, रवा, साबुदाणा, शेंगदाणे, साखर आणि टोकाला गुळाच्या ढेपा. ही ओळ ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

तेव्हा दुकानाचं रूप बदलायला लागलं होतं. सुटं तेल आणि खाकी पुडे होतेच, पण दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकायला लागल्या होत्या. शेजारी पिवळ्या पाटीचं STD बूथ आलं होतं आणि तिथं माणसं मुंबईला ऐकू जाईल अशी ओरडायची, फोनशिवायही गेलं असतं. आणि गल्ल्यावर मी. गिरिजा, सातवी पास, पस्तिशी ओलांडलेली, एका लेकीची आई. टीव्हीतल्या बायका बघून बीडहून उंच टाचेची चप्पल घेऊन आलेली.

आमचे हे, म्हणजे मन्मथअप्पा, चपलेकडं बघून म्हणाले, "पोत्यावरून उतरायचंय का इमानातून?"

"तुमाला काय कळतं फ्यासन," मी म्हणाले. हे मी खरंच म्हणाले होते. आज आठवलं की त्या बाईला दोन चापट्या माराव्याशा वाटतात.

ह्यांचा एक नेम होता. दर सोमवारी भिंतीच्या कोपऱ्यात, मुंग्यांच्या बिळाशी, चिमूटभर साखर-पीठ टाकायचे. म्हणायचे, "त्यांचं त्यांना दिलं की त्या पोत्याकडं येत न्हाईत." मी हसायचे. "मुंग्यांला वाचता येतं का, हे तुमचं आन् ते आमचं?"

पालीला एका लग्नाला गेलतो. तिथलं जेवण मला बाधलं, चार-पाच दिवस जुलाबानं हैराण झाले. ते थांबलं आणि पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. झटकलं तरी जात नव्हत्या. मग तळवे, मग घोटे. पायऱ्या चढताना गुडघे मेणाचे झाल्यासारखे वाटायचे. मी मनाशी ठरवलं, चप्पल चावतीय. पण कबूल कसं करणार? हे हसले असते. म्हणून तीच चप्पल घालून, दाराची चौकट धरून, मी ऐटीत फिरत राहिले.

बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांनी दुकान भरलं होतं. मी पायरीवरून खाली उतरायला गेले, पाय जागेवर राहिले आणि मी तूरडाळीच्या पोत्यात तोंडावर. आधी सगळे हसले. मीही हसले. मग उठायला गेले आणि उठता येईना, तेव्हा पहिलं हसू ह्यांचं थांबलं.

कबूतर

समोरच्या रजियाभाभी धावत आल्या. माझे पाय दाबून बघितले आणि निकाल दिला, "अप्पा, लकवा है ये. कबूतर का खून मलो, अब्बीच."

हे डोक्याला हात लावून म्हणाले, "भाभी, आमच्यात अंड्याला कुनी हात लावत न्हाई. कबूतर कुठून आनू?"

"अरे तो खाने को कौन बोलरा? मलने का है!"

मी पोत्याला टेकून बसले होते, कमरेखाली काही नव्हतं म्हणा ना, तरी मला हसू फुटलं. त्या कबुतरावर माझ्या दुखण्यातलं शेवटचं मोठ्यानं हसणं खर्च झालं. पुढं कितीतरी दिवस ते परत आलं नाही. भाभींनी मात्र स्वतःच्या घरची जीप काढायला लावली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बीडपर्यंत आल्या.

तीन अक्षरं

बीडचे डॉक्टर तरुण होते, नुकताच दवाखाना टाकलेला. मला 'मावशी' म्हणाले. पाय गेले त्यापेक्षा मला त्या मावशीचं जास्त लागलं, काय सांगू.

त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. मग कोपरावर. मग कागदावर इंग्रजी अक्षरं लिहिली, पुसली, परत लिहिली. "पाठीतलं पाणी काढून बघावं लागेल," म्हणाले. "LP."

सिस्टर म्हणाली, "गळ्यातलं सगळं काढून ठेवा."

मंगळसूत्र काढलं. लिंग काढेना. आम्ही लिंगायत. आमच्यात जन्मल्यावर गळ्यात शिवाचं लिंग बांधतात, ते देव्हाऱ्यात नसतं, अंगावर असतं. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच तोंडात घास घालायचा. ते आणि आपण वेगळे नसतो. हे पुढं झाले, "सिस्टर, त्यो दागिना न्हाई."

सिस्टर जालन्याकडची ख्रिस्ती बाई होती. तिनं पदराखालून आपल्या गळ्यातला बारीक क्रूस बाहेर काढून दाखवला आणि परत आत सरकवला. "राहू द्या," म्हणाली. "पाठीत सुई आहे, गळ्यात नाही." एवढ्या मोठ्या आजारातली मला मिळालेली ती पहिली दया. अशा दया मोजून ठेवू नकोस पोरी, पण विसरूही नकोस.

संध्याकाळी डॉक्टर ह्यांना बाहेर घेऊन गेले. दार नीट लागत नव्हतं, म्हणून मला ऐकू आलं. "GBS," ते म्हणाले. मग हळू आवाजात बरंच काही. मला एवढं कळून चुकलं होतं, की डॉक्टर स्वतःच घाबरले की पूर्ण शब्द सोडून अक्षरांवर येतात. BP म्हणाले तर घाबरू नये. तीन अक्षरं म्हणाले की सावध व्हावं.

राजश्री तेव्हा बीडला मामाकडे राहून बारावी सायन्स करत होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. जीवशास्त्राचं पुस्तक छातीशी धरूनच ती दवाखान्यात आली आणि माझ्या उशाशी बसून ते चाळायला लागली, जसं काही माझ्या नावाचं पान त्यात असणारच.

"आई," ती म्हणाली, "वारुळातल्या मुंग्या आपली कोन आन् परकी कोन, हे वासावरून वळखतात. परकी दिसली की तुटून पडतात. आपल्या रक्तातबी असे शिपाई असतात, अँटीबॉडी म्हनतात त्यांला. तुला जुलाब झाले ना? त्या जंतूंला मारता मारता तुझे शिपाई वास चुकले. तुझ्याच नसांला परकं समजले. नसांवरचं आवरन कुरतडायलेत."

ह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे घरातलंच भांडन हाय."

"हो अप्पा. पर ते थकत्यात. थांबत्यात. मग नसा परत भरून येत्यात."

"कवा थांबत्यात?"

राजश्रीनं पुस्तक मिटलं. "ते इथं न्हाई दिलेलं."

दम

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मलाच सरळ सांगितलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मावशी माफ केली. ते म्हणाले, हे पायातून वर चढतं. हातात येईल. छातीत आलं तर श्वास घेणारे स्नायू थकतील, आणि मग श्वासाचं मशीन लागेल. ते बीडला आमच्याकडे नाही, औरंगाबादला न्यावं लागेल. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ दम बघायचा. "पूर्ण श्वास घ्या, आणि एका दमात आकडे म्हणा. कुठं थांबता ते बघतो."

"आकडे कशाला?" मी म्हणाले. आकडे मला शाळेपासून आवडत नाहीत. "मी आमचं दुकान म्हणते."

आणि म्हटलं. तूरडाळ-हरभराडाळ-मूगडाळ-मटकी-मसूर-पोहे-रवा-साबुदाणा-शेंगदाणे-साखर-गूळ, आणि वर दोनदा शिवशिव. डॉक्टर हसले. "ठीक आहे. गुळापर्यंत पोचलात की इथंच. रव्याच्या अलीकडे थांबलात की गाडी."

त्यानंतर सगळा दवाखाना माझं दुकान ऐकायला लागला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी सकाळी विचारायची, "आज कुठवर गं?" 

"साखरेपर्यंत."

"काल गुळाला शिवलीस की!"

हात गेले. आधी बोटं, मग मनगट. माणसाला कशाकशाची ओढ लागते बघ. मला वाटलं होतं चालण्याची ओढ लागेल. नाही. नाक खाजवण्याची लागली. नाकावर माशी बसायची, आणि मी डोळे तिरळे करून तिच्याकडे बघत बसायची. जिनं उंच टाचा मिरवल्या, तिला आता देवाकडं मागायला एक बोट तेवढं पुरेसं होतं.

मूगडाळ

एका सकाळी जाग आली तीच दम लागून. रात्रीत कुणी छातीवर पोतं ठेवल्यासारखं. मला कळलं. डॉक्टर यायच्या आधी मी मनातल्या मनात ओळ म्हणून बघितली, रव्यापर्यंतही जाता येईना.

मला मशीनची भीती वाटत होती. मशीनवर गेलेलं माणूस परत येत नाही, असं त्या शेजारच्या म्हातारीनंच सांगितलं होतं. औरंगाबाद म्हणजे मला दुसरा देश वाटत होता. वडवणी दूर, दुकान दूर, राजश्री दूर.

डॉक्टर आले. "हं मावशी, दुकान उघडा."

मी श्वास घेतला. "तूरडाळ, हरभराडाळ, मटकी, पोहे, रवा, साखर, गूळ."

"छान!" डॉक्टर म्हणाले. "गुळापर्यंत." आणि कागदावर खूण करून वळले.

हे माझ्या पायाशी उभे होते. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. ज्या माणसानं सगळा जन्म त्या पोत्यांच्या ओळीपुढं काढला, त्याच्या कानाला तो हिसका बसल्याशिवाय कसा राहील?

"सायेब," ते म्हणाले. "थांबा. तिनं मूगडाळ सोडली."

मी डोळ्यांनी त्यांना गप्प बसवायचा प्रयत्न केला. डोळे तेवढे चालत होते.

"मसूर सोडला. साबुदाना, शेंगदानेबी. सायेब, तिचा दम संपलाय. ती तुमाला फशिवतीय."

डॉक्टर परत फिरले. मला बसतं केलं, नाकाला ऑक्सिजन लावला, "परत म्हणा, मावशी, नीट ओळीनं." मी म्हटलं. मटकीवर थांबले.

गाडी मागवली. मला स्ट्रेचरवर घेताना मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. सगळ्या वाटेनं बघितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यावर एवढा राग मला कधीच आला नव्हता. गेवराई ओलांडताना ते माझ्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होते आणि मी डोळे गच्च मिटून घेतले होते.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासलं आणि ह्यांना म्हणाले, "रात्रीपर्यंत बीडला राहिल्या असत्या तर कठीण होतं." हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. ह्यांनी कधी सांगितलं नाही. आपलं खरं ठरलं, हे सांगायची त्यांना सवयच नव्हती. असती तर भांडणात मी जिंकलेच नसते.

नळी

तोंडात नळी घातली की आवाज जातो. आमच्या घरात सगळे म्हणायचे, गिरिजाचं तोंड एक दिवस तरी बंद राहूदे. घ्या, राहिलं. नाकातून दुसरी नळी पोटात. तिला RT म्हणायचे. ICU, RT, NBM. भिंतीवर, कागदावर, सगळीकडं अक्षरं. मशीन माझ्याऐवजी श्वास घ्यायचं आणि मी त्याचा आवाज ऐकत, सासरी पहिल्या दिवशी बसावं तशी, अंग चोरून पडून असायची.

मला घराची ओढ नव्हती, हे ऐकून नवल वाटेल तुला. मला दुकानाच्या वासाची ओढ होती. गुळाचा, पोत्याच्या तागाचा, हिंगाचा. तिथं फक्त फिनेल होतं.

सकाळी नळीतून दूध द्यायला सिस्टर आली की मी डोळे मिटून घ्यायची. पहिल्या दिवशी तिला वाटलं, झोपलेय. दुसऱ्या दिवशी बाहेरून काचेतून ह्यांनी बघितलं आणि ओळखलं. पूजा झाल्याशिवाय मी घास घेत नाही. नळीतला असला म्हणून काय झालं.

त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या किती विनवण्या केल्या ते देवाला ठाऊक, पण रोज पहिल्या दुधाआधी त्यांना जरा वेळ आत सोडायचे. हातपाय धुऊन, हिरवा झगा घालून, तोंडाला फडकं बांधून. त्या झग्यात ते चोरी करायला आलेल्या वाण्यासारखे दिसायचे. माझ्या गळ्यातलं लिंग सोडायचे, माझा डावा तळहात उघडायचे आणि त्यावर ठेवायचे. पण माझा हात कणकेचा. बोटं उलगडायची, लिंग घरंगळायचं.

आमच्यात दुसऱ्याचं लिंग दुसऱ्यानं हातात धरत नाहीत. ज्याचं त्याचं. मी डोळ्यांनी 'न्हाई, न्हाई' करायची.

मग त्यांनी आपला तळहात माझ्या तळहाताखाली घातला. उपड्या पणतीसारखी लोळणारी माझी बोटं त्यांनी आपल्या बोटांनी खालून वर उचलून धरली. लिंग माझ्याच हातावर राहिलं.

"मी कुठं लिंग धरलंय?" ते फडक्याआडून म्हणाले. "मी तुजा हात धरलाय."

मी त्यांच्यावर रागावले होते, हे मला त्याच वेळी आठवलं. आणि आठवून सोडून दिलं.

एक भांडण मात्र राहिलं. राजश्रीची परीक्षा जवळ आली होती. मला ती काचेबाहेर हवी होती, नुसती दिसली तरी. ह्यांनी तिला बीडला परत पाठवलं. जाताना ती काचेवर उघडं पुस्तक धरून उभी राहिली, पानावर मुंगीचं चित्र. मी मान हलवू शकत नव्हते. नको जाऊ असं म्हणायला माझ्याकडं डोळे होते, ते तिनं 'जा' असे वाचले. किंवा तसे वाचायचं ठरवलं. पुढं तिचे मार्क थोडक्यात कमी पडले, MBBS हुकलं, BAMS झाली. अजून म्हणते, "तुझ्या मुंग्यांनी माझं MBBS कुरतडलं आई," आणि हसते. मी हसत नाही.

लाल मुंगी

शिपाई थकले. राजश्रीचं पुस्तक खरं निघालं. हळूहळू माझा श्वास माझ्याकडे आला, नळी निघाली, मला साध्या वॉर्डात आणलं. पहिला शब्द काय बोलले माहिती आहे? "मूगडाळ." खरखरीत, बेडकासारखा आवाज. हे स्टुलावर बसले होते, ते उठून खिडकीकडं गेले आणि पाठ करून उभे राहिले.

श्वास आला, पण हातपाय तसेच. डॉक्टर म्हणायचे, येतील. कधी, ते अक्षरात कुठंच लिहिलेलं नव्हतं. रोज एक पोरगी येऊन माझे पाय वाकवायची, सरळ करायची. टाचणी टोचून विचारायची, "टोचतंय?" कळायचं तेही लांबून, बाजाराच्या गलक्यात कुणी हाक मारावी तसं. कधी कधी मी खोटंच 'हो' म्हणायची. हे लगेच म्हणायचे, "गिरजे, मूगडाळ."

त्या वॉर्डात भिंतीवरून मुंग्यांची ओळ जायची. सलाईनमधल्या साखरेच्या वासानं यायच्या. दिवसभर मला दुसरं बघायला काय होतं? पाठीवर पडून त्याच बघायची. एक मोठी काळी होती, ती एकटीच उलट्या दिशेनं हिंडायची आणि सगळ्यांना अडवायची. तिचं नाव मी RMO ठेवलं, वॉर्डात फिरून सगळ्यांना हटकणाऱ्या डॉक्टरवरून. ह्यांनी वडवणीची सवय तिथंही सोडली नाही. तिथं तर रोज खिडकीच्या कोपऱ्यात चिमूटभर साखर टाकायचे. सिस्टर ओरडायची, "अहो काका, मुंग्यांना आमंत्रण कशाला देता?" हे म्हणायचे, "आमंत्रन न्हाई, सिस्टर. वेगळी पंगत."

एका दुपारी हे साखर टाकायला विसरले. म्हणजे विसरले नाहीत, थकून स्टुलावरच झोपले होते. डोकं माझ्या खाटेच्या कडेला टेकलेलं. मी बघत होते. ओळीतली एक लाल मुंगी वाट सोडून खाटेवर चढली. चादरीवरून माझ्या पायाकडं आली. अंगठ्यावर चढली. मला दिसत होती, कळत नव्हती. माणसाचं शरीर आपलं असून आपलं नसणं म्हणजे काय, ते मला त्या मुंगीनं दाखवलं. तिला वाटलं असेल, हे एक ओझं पडलंय, कुणाचं नाही.

मग ती चावली.

पोरी, मी तुला खरं सांगते. राजश्री झाली तेव्हाही मी एवढी किंचाळले नाही. ह्यांची झोप उडाली, स्टूल पडलं.

"काय झालं?"

"चावली!"

त्यांनी बघितलं आणि हात पुढं केला मुंगीला उडवायला.

"झटकू नका!" मी ओरडले. "झटकू नका तिला! चावू द्या!"

आणि आम्ही दोघं त्या मुंगीकडं बघत बसलो. अंगठा लाल झाला, आग व्हायला लागली. मी म्हणत होते, "लागतंय, आवो, लई लागतंय," आणि रडत होते, आणि हे म्हणत होते, "लागू दे, लागू दे गिरजे." शेजारच्या खाटेवाल्यांना वाटलं असेल, ह्या वडवणीवाल्यांना डोक्याचंही काहीतरी आहे.

खरी मुंगी निघून गेली, आणि तीन-चार दिवसांनी दुसऱ्या आल्या. आतल्या. पायाच्या बोटांना मुंग्या, मग तळव्याला. ज्या वाटेनं सगळं गेलं होतं, त्याच वाटेनं परत. जाताना मी त्यांना चपलेचा दोष दिला होता. येताना त्यांच्या नुसतं पाया पडायचं बाकी ठेवलं.

राजश्री आता सांगते की अंगावर मुंग्या फिरल्यासारखं वाटण्याला डॉक्टरी पुस्तकात फॉर्मिकेशन म्हणतात, आणि तो शब्दही कुठल्याशा जुन्या भाषेतल्या मुंगीवरूनच आलाय. म्हणजे साहेबांच्या पायातही मुंग्याच येतात. आपण उगाच घाबरतो त्यांच्या अक्षरांना.

वेगळी पंगत

उठले. आधी काठीवर, मग ह्यांच्या खांद्यावर, मग भिंतीवर, मग भांडणावर. डाव्या पायाचा पंजा अजून थोडा ओढते. टाचेची चप्पल रजियाभाभीच्या सुनेला दिली, तिलाही दोन दिवसांत नको झाली.

आता जे लिहिते, ते तू बरी होऊन घरी गेल्यावर वाच.

मला त्या दवाखान्याची ओढ लागते. आजाराची नाही, तो कुणाच्या वाट्याला न येवो. पण लग्न झाल्यापासून हे माझे असे दिवसभराचे कधी झालेच नव्हते. दुकान, उधारी, बाजार, पाव्हणे, यातून उरलेले ते मला मिळायचे. औरंगाबादला सगळंच्या सगळं माणूस मिळालं. माझे केस विंचरायला हे तिथंच शिकले. वेणी इतकी घट्ट घालायचे की भुवया वर जायच्या. मी बरी झाले आणि ते दुकानावर परत गेले, आणि बरं होण्यातली ही एक गोष्ट मला अजिबात आवडली नाही. हे मी त्यांना कधी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, "मग काय, परत पालीचं जेवन घालू का?"

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. सकाळी दुकान उघडलं, कोपऱ्यात साखर टाकली, आणि पोत्यांच्या ओळीपुढं खाली बसले ते उठले नाहीत.

आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकून बसवलं, भस्म लावलं, हार घातले. मठाच्या स्वामींनी गळ्यातलं लिंग सोडून त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं, शेवटच्या पूजेला. हात राहिना. बोटं उलगडली, लिंग घरंगळायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "दोरा आना, बांधू."

मी पुढं सरकले. माझा तळहात त्यांच्या तळहाताखाली घातला, खालून बोटं वर उचलली.

स्वामी दबकले. "माई, दुसऱ्याचं लिंग—"

"मी कुठं लिंग धरलंय," मी म्हणाले. "मी हात धरलाय."

स्वामींनी बेलपान उचललं. पूजा सावकाश केली, मला वाटतं मुद्दामच सावकाश. हात जड होत गेला. पूजा संपून त्यांना उचललं, तेव्हा माझ्या हाताला कोपरापर्यंत मुंग्या आल्या होत्या. राजश्री हात चोळायला आली. मी म्हणाले, झटकू नको गं, राहू दे.

पोरी, तू उठशील. तुझ्या पायात परत मुंग्या येतील त्या दिवशी मला कळव, मी राजश्रीच्या फोनवर आहे. मीही अजून दम बघते रोज सकाळी, पूजा झाली की. दुकान आता पुतण्या चालवतो, त्यानं पोती काढून काचेच्या बरण्या लावल्यात, पण माझी ओळ जुनीच आहे. वयानं दम कमी झालाय, गूळ लांब पडतो. तरी एखाद्या दिवशी मी मुद्दाम मोठ्यानं म्हणते, तूरडाळ, हरभराडाळ, मटकी...

आणि थांबते. मूगडाळ सोडली, तरी कोणी पकडत नाही.